अर्धवट पंखे

“इतकं आवळू नकोस गं ते चाक, जीव जाईल कागदांचा,” आत्या म्हणाली.

“आवळल्याशिवाय घड्या जात नाहीत,” भाची म्हणाली आणि प्रेसचं चाक आणखी थोडं फिरवलं.

भाचीची संग्रहालयातली नोकरी हीच होती. जुन्या कागदांना जराशी ओल द्यायची, टिपकागदांमध्ये ठेवायचं आणि प्रेसखाली दाबून सपाट करायचं. सध्या टेबलावर ऑपेरा हाउसच्या कार्यक्रमपत्रिका होत्या. तिथला दारवान खेळ संपला की खुर्च्यांखाली पडलेल्या पत्रिका उचलायचा आणि त्या-त्या रात्रीचा गठ्ठा बांधून घरी न्यायचा. त्याच्या मुलीनं ती खोकी संग्रहालयाला देऊन टाकली. पुढच्या आठवड्यात त्यांचं प्रदर्शन होतं.

उन्हाळ्यातल्या पत्रिका झाडून सगळ्या चुण्यांनी भरलेल्या. गाण्यात घरघर नको म्हणून ऑपेरा हाउसमध्ये खेळ चालू असताना पंखे बंद ठेवायचे. लोक मग हातातल्या पत्रिकेचाच पंखा करायचे. मोठमोठ्या गायिकांचे फोटो छापलेल्या पत्रिकाही त्यातून सुटल्या नव्हत्या.

आज प्रेसमध्ये घातलेला गठ्ठा आत्याच्या रात्रीचा होता.

ती रात्र घरात सगळ्यांना पाठ होती. मुख्य गायिकेचा घसा ऐनवेळी बसला आणि कोरसमध्ये मागच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या आत्याला राणी करून पुढे ढकललं. ती गायली. शेवटचा सूर संपला. सभागृहात टाळी नाही, शिट्टी नाही, साधा खोकला नाही. आत्या जी वळली ती मागच्या दारानं थेट रस्त्यावर. अंगात राणीचा झगा, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट. बसच्या कंडक्टरनं तिला आधी सलाम केला आणि मग तिकीट फाडलं. हा सलाम आत्या स्वतःच इतका रंगवून सांगायची, की ऐकणाऱ्यांनी पोट धरून हसावं.

पुढे तिनं शाळेत मुलांना गाणं शिकवलं, संसार केला, मजेत राहिली. फक्त लोकांपुढे पुन्हा कधी गायली नाही. प्रदर्शनाच्या दिवशी दोन ओळी म्हणा, असं सांगायला संग्रहालयाचे साहेब स्वतः घरी येऊन गेले होते. “एकदा तोंडावर आपटले तेवढं पुरे आहे,” असं म्हणून आत्यानं त्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं.

गात नाही तर नाही, निदान तिच्या रात्रीच्या पत्रिका नव्यासारख्या करून तिच्या हातात द्याव्यात, असं भाचीच्या मनात होतं. म्हणून आज तिला मुद्दाम बोलावलं होतं. काम लवकर आटोपणार होतं. या गठ्ठ्यात घड्या कमी होत्या.

“काय उकडतंय इथे! पंखा नाही लावत?”

“कागद उडतात.”

“म्हणजे इथेही आमच्यासारखंच.” आत्यानं टेबलावरचा एक कोरा टिपकागद ओढला आणि बोलता बोलता दुमडायला घेतला. एक घडी इकडे, एक तिकडे. तिसरी. चौथी. बोटं आपोआप चालली होती.

भाची त्या बोटांकडे बघत राहिली. मग तिनं चाक झपाट्यानं उलटं फिरवलं.

वरच्या पत्रिकेला काठाशी दोन घड्या होत्या, त्यापुढे एकही घडी नाही. खालच्या पत्रिकेला तीन. तिच्या खालच्या पत्रिकेला एकच, तीही अर्ध्यावर सोडलेली. भाचीनं सगळा गठ्ठा चाळला.

“काय झालं? फाटलं का काही?”

“आत्या, पडदा वर गेल्या गेल्या तुझं गाणं होतं?”

“छे गं! आधी तो राजा येतो. जरासा रडतो. मग मी.”

भाचीनं कपाटातून आदल्या रात्रीचा गठ्ठा काढला आणि एक पत्रिका टेबलावर ठेवली. तोच खेळ, तोच राजा, राणी मात्र ती नामांकित बाई. पत्रिका या काठापासून त्या काठापर्यंत चुण्याचुण्यांची. तिच्या शेजारी तिनं आत्याच्या रात्रीची पत्रिका ठेवली.

“राजा रडत होता तोवर लोक पंखे करत होते,” ती म्हणाली. “मग तू आलीस.”

आत्यानं चष्मा लावला. त्या दोन घड्यांवरून बोट फिरवलं आणि पुढच्या बिनघडीच्या कागदावर ते थांबलं. तिनं दुसरी पत्रिका उचलली. मग तिसरी.

“सगळ्या अशाच?”

“सगळ्या.”

तेवढ्यात साहेब दारात आले. “झाल्या का सपाट?”

“नाही. या अशाच राहणार,” भाची म्हणाली. “आणि प्रदर्शनात सगळ्यात पुढे राहणार.” तिनं त्यांना दोन्ही पत्रिका दाखवल्या. साहेबांनी त्या पाहिल्या, मग आत्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले.

“ते सगळं ठीक आहे,” आत्या म्हणाली. तिचा आवाज जरा चढला होता. “पण मग टाळ्या का नाही वाजवल्या मेल्यांनी?”

“तू थांबलीस कुठे ऐकायला?”

आत्यानं मघाचा टिपकागदाचा पंखा पुढ्यात ओढला. मग घडी घडी उलगडून, तळव्यानं दाबून तो सपाट केला. स्वतःशीच हसली.

“म्हणते मी दोन ओळी,” ती साहेबांना म्हणाली. “पण पंखे बंद ठेवायचे. आणि आलेल्या प्रत्येकाच्या हातात एक पत्रिका द्यायची.”