उमाबाईंनी हो म्हटलं

"परत आलीस?" उमाबाई म्हणाल्या. "पाय दुखत नाहीत का गं तुझे?"

"दुखतात ना आजी," प्रियांका म्हणाली. "म्हणून तर म्हणते, आत घ्या."

उमाबाई उंबऱ्यातून हलल्या नाहीत. प्रियांकाने खांद्यावरचा लशीचा डबा ओट्यावर, सावलीत ठेवला आणि स्वतः उन्हात उभी राहिली.

बागलीतल्या देवळामागच्या या गल्लीत गेल्या आठवड्यात श्रिया वारली. पाच वर्षांची पोरगी. घटसर्प. घसा आतून बंद होत गेला, इंदूरला नेईपर्यंत खेळ खलास. तिला घटसर्पाची पाचव्या वर्षीची बूस्टर लस, म्हणजे पुढचा डोस, दिलीच नव्हती. गल्लीत हल्ली कोणीच देत नव्हतं, कारण उमाबाई देत नव्हत्या. देवळातली पूजा त्यांच्या घराकडे, म्हणून सगळी गल्ली त्यांच्या तोंडाकडे बघायची.

त्यांचा नातू मयुरेश दीड वर्षाचा. बूस्टर बाकी. आता तो आईच्या, ईशानीच्या कडेवर बसून तिची बांगडी चावत होता.

"मागल्या खेपेला टोचलं," उमाबाई म्हणाल्या, "तर मांडीला ही लिंबाएवढी गाठ! डॉक्टरनं चिरली तेव्हा पोर असं रडलं की देवळात ऐकू गेलं. आणि तुमची ती आधीची नर्स काय म्हणाली? तुम्हीच घाण हात लावला असेल. आम्ही! सोवळ्यातली माणसं!"

प्रियांका मनात म्हणाली, लावला असेल की. शेणाचा, नाहीतर हळदीचा लेप थापला असेल. म्हाताऱ्या थापतात.

ती नवीन नर्स. देवासला आत्ताच ट्रेनिंग झालं होतं, दोन दिवसांचं. पहिला दिवस हार, श्रीफळ आणि साहेबांच्या भाषणात गेला. दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या मेधा मॅडमनी बाकीचं सगळं जेवणाच्या आत उरकलं, कारण नंतर सर्टिफिकेट आणि फोटो होते. पण दोन गोष्टी प्रियांकाच्या डोक्यात पक्क्या बसल्या. घरच्यांशी भांडायचं नाही. आणि लस गरम होऊ द्यायची नाही.

पहिली तिला जमत नव्हती.

"आजी, गाठ बरी होते," ती एकदम भडकली. "श्रिया बरी झाली का? तुमच्याच ओट्यावर खेळायची ना ती? तिच्या आईला जाऊन सांगा, गाठीला भिऊन आम्ही दार लावलं!"

समोरच्या दारातल्या दोन बायका पदर तोंडाशी धरून बघत होत्या. प्रियांकाला वाटलं, झालं, संपलं. आता ही म्हातारी हाकलून देणार.

उमाबाई खाली बसल्या. मग ईशानीच म्हणाली, "आई, टोचू द्या. मला रात्री झोप लागत नाही. तो जरा घोरला तरी मी उठून बघते."

"औषध चांगलं कशावरून?" उमाबाईंनी विचारलं.

प्रियांकाने बाटली काढून त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. "हा चौकोन बघा, छोटासा. पांढरा आहे ना? औषधाला ऊन लागलं की तो काळा पडतो. एकदम फर्स्टक्लास आहे, कसम से."

"आणि गाठ आली तर?"

"आली तर या गल्लीत पाय ठेवणार नाही."

"तू काय, मग कोणीच ठेवणार नाही. मी ठेवू देणार नाही." उमाबाईंनी मयुरेशला स्वतः मांडीवर घेतलं. "हं. टोच."

मयुरेशने भोकाड पसरलं, मग पेढा मिळाल्यावर विसरला. त्याच्यामागून सगळी गल्ली आली. ज्या बाया काल दार लोटून घ्यायच्या त्या पोरांना ओढत ओढत घेऊन आल्या. "अगं, उमाकाकूंनी दिली ना, मग!" श्रियाची आईसुद्धा आली. तिचा धाकटा होता. तिने त्याचा पाय घट्ट धरला आणि तोंड दुसरीकडे केलं.

दुपारी मेधा मॅडमची जीप आली. "काय ऐकतेय मी! पूर्ण गल्ली?" त्यांनी प्रियांकाची पाठ थोपटली. "ज्यांना वर्षभर कोणी हलवू शकलं नाही, त्यांना तू! पुढच्या ट्रेनिंगला तुलाच बोलायला लावते."

आतून उमाबाईंनी आवाज दिला, "मॅडम, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही हं."

उरलेल्या बाटल्या परत न्यायच्या म्हणून मॅडमनी डबा उघडला. एक बाटली बर्फाला चिकटून बसली होती. त्यांनी ती ओढून काढली, हलवली आणि उजेडात धरली. आत दही फाटावं तसे कण फिरले आणि भराभर खाली बसले.

मॅडमचं हसू गेलं. "बर्फ कसा भरला होतास?"

"फ्रीजरमधून काढला तस्साच! दाबून. एक मिनिट बाहेर ठेवला नाही. तुम्हीच म्हणालात ना, थंड म्हणजे थंड."

"थोडा पाघळू द्यायचा असतो गं. नाहीतर लस गोठते." त्या ओट्यावर टेकल्या. "ते सांगायचं राहिलं. दरवेळी तेच राहतं. तुझ्या आधीच्या नर्सलाही मीच शिकवलं होतं."

"पण चौकोन पांढरा आहे, मॅडम."

"तो उन्हाचं सांगतो. बर्फाचं नाही."

आत ईशानी मयुरेशसाठी गाणं म्हणत होती. प्रियांकाने आवाज खाली केला. "म्हणजे आज टोचली ती सगळी लस..."

"लागू पडत नाही. पाणी समज." मॅडमनी बाटली मुठीत दाबली. त्या उमाबाईंच्या दाराकडे बघत होत्या. "आणि गोठलेली लस टोचली ना, प्रियांका, तर मांडीला गाठ येते."