लाल ब्रेक

भाऊजींच्या वीस वर्षं जुन्या स्पोर्ट्स कारवर अकरा स्टिकर होते. मागे सायलेन्सरची चार तोंडं होती, त्यांतली दोन खोटी. ब्रेक त्यांनी बाहेरून लालभडक रंगवले होते. आतले पॅड झिजून दोन मिलिमीटर उरले होते.

“पॅड कधी बदलणार?” मी विचारलं.

“ही थांबायची गाडी नाही, मेव्हणेबुवा. थांबायला तुमची स्कूटर आहे.”

उद्या ताईला याच गाडीतून घाट उतरायचा होता. ती भाऊजींना म्हणाली, “साठच्या वेगातून वीस मीटरांत थांबवून दाखव, तरच बसेन.”

मैदानावर भाऊजींनी गॉगल चढवला, गाडी साठवर नेली आणि मी आखलेल्या चुन्याच्या रेघेवर ब्रेक दाबला.

ताईनं फितीचं टोक रेघेवर धरलं. मी गाडीपर्यंत चालत जाऊन आकडा वाचला. एकतीस मीटर, चाळीस सेंटिमीटर.