मांसाचा नांगर

दोर बांधायला काहीच नव्हतं. जुनिपरचं एक खोड होतं, पण हात लावताच ते म्हाताऱ्याच्या दातासारखं हललं. तेव्हा हीबर कुणी न सांगताच वाळूत बसला, दोन्ही टाचा समोरच्या खडकाला रोवल्या, दोराचं टोक कमरपट्ट्यात अडकवलं आणि म्हणाला, "चला, कोण जातंय आधी?"

युटाच्या वाळवंटात घळी उतरणारे लोक या बैठकीला मांसाचा नांगर म्हणतात, जहाजाला असतो तसला. गटातल्या सगळ्यात जड माणसानं वर बसायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या भरवशावर लोंबकळत खाली जायचं. मग जड माणसानं दोराशिवाय, पाठ एका भिंतीला आणि गुडघे दुसऱ्या भिंतीला टेकवत घसरत यायचं. खालच्यांनी त्याला झेलायचं. तिघांच्या या गटात कॉलेजपासून आजतागायत नांगराच्या जागेसाठी कधी निवडणूक झाली नव्हती. हीबर बिनविरोध होता.

"तुझा तो अस्वलाचा विनोद सुरू व्हायच्या आत मी निघते बाई," वर्ना म्हणाली आणि कड्यावरून दिसेनाशी झाली.

मग डॅलिननं दोर हातात घेतला. "सोडू नकोस हं, लेका. घरी कुत्रा उपाशी आहे."

"कुत्र्यासाठी धरतो. तू जा."

डॅलिन कड्याखाली गेला तसा पट्टा हीबरच्या कमरेत रुतला. डॅलिन अर्ध्यावर पोचला असेल-नसेल, तेवढ्यात खालून वर्नाचा आवाज आला. हळू होता, पण शेजारी बसून बोलावं तसा स्वच्छ.

"त्याला सांगितलंस का परमिटचं?"

"श्श! यंदाही नंबर लागला नाही म्हणून सांगितलंय. विषय संपला."

मोठ्या घळीच्या परमिटसाठी तिघं दर वर्षी सोडतीत नाव घालत. पंधरवड्यापूर्वी डॅलिनचा फोन आला होता, यंदाही नाही रे. आवाज इतका पडेल होता, की हीबरनंच त्याची समजूत घातली होती.

"आणि त्यानं फोटो पाहिले म्हणजे?"

"फोटो टाकायचेच नाहीत. वर्ना, मागच्या खेपेला तो त्या फटीत अडकला तेव्हा अर्धा दिवस गेला आपला. मोठ्या घळीत अंधार पडला तर?"

"मग नांगर कोण?"

"पोतं घेतलंय, कापडी. तिथलीच वाळू भरायची. उतरून झालं की खालून दोरी ओढायची, रिकामं होऊन आपल्या मागे येतं. घडी केली तर जेवणाच्या डब्यात मावतं."

वर्ना हसली. "आणि अस्वलाचा विनोद सांगत नाही."

"तेच तर!"

अरुंद घळीत तोंडातून सुटलेल्या शब्दाला वर जाण्याखेरीज वाट नसते. हे दोघांनाही चांगलं माहीत होतं. पण वर नांगर होता, आणि नांगराला कान असतात हे सवयीनं विसरायला होतं.

हीबरनं दोराकडे पाहिलं. डॅलिन अजून त्यावर लोंबकळत होता. हीबरची एक टाच जरा सरकली होती. ती त्यानं उचलून पुन्हा खडकाला घट्ट रोवली.

"दोर मोकळा!" खालून डॅलिन ओरडला. "ये रे, राजा!"

हीबरनं दोर सोडवून खाली टाकला आणि उतरू लागला. खडक शर्ट खरवडत होता, पोट खरवडत होता. तळाशी घळ रुंद होत गेली, तसे गुडघे सुटले. कोपर दोन्हीकडच्या खाचांत अडकवून तो लोंबकळला.

"पाय सोड," डॅलिन खालून म्हणाला. "माझ्या खांद्यांवर ठेव. आहे मी."

आजवर या जागी हीबर अर्धं वजन कोपरांवर तोलून धरायचा. मित्राचे खांदे दुखायला नकोत म्हणून. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आपण त्याला नीट पेलतो अशी डॅलिनची प्रामाणिक समजूत होती.

हीबरनं दोन्ही बूट त्याच्या खांद्यांवर ठेवले. मग कोपर सोडले.

"आई गं!" डॅलिनचे गुडघे वाकले. त्यानं दोन्ही हातांनी भिंत धरली. "हीबर! अरे, काय... उतर ना लवकर! वर्ना, धर याला!"

वर्ना धावली आणि मध्येच थांबली. हीबर खांद्यांवर सरळ उभा होता, हात दोन्ही बाजूंना सोडून.

"दोरी ओढून बघ," तो वरून शांतपणे म्हणाला, "रिकामा होतो का ते."