काकांच्या डाव्या खांद्यावर

"काका, तुम्हाला कॅमेऱ्यात ससाही टिपता येणार नाही. टिपलात, तर सगळ्यांसमोर कोंबड्यासारखा आरवेन!" शेजारच्या शिंप्याने पैज मारली होती.

काका एकटेच भटकून, जंगलाची फिल्म घेऊन, छाती फुगवून परतले. रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये पडद्यावर हरणं आली, कोल्हे आले.

काकूंनी हळूच विचारलं, "अहो, तुमच्या मागे कोण होतं?"

"कोणी नाही. का गं?"

"मग ही सगळी तिकडेच का बघतायत?"

काकांनी पडद्याकडे निरखून पाहिलं. प्रत्येक जनावर चरता चरता थबकायचं, कॅमेऱ्याच्या जरा वर, एकाच जागी टक लावायचं आणि जीव घेऊन पळायचं.

"आरवा, मास्तर!" लोक ओरडले.

शिंपी हसत काकांसमोर उभा राहिला. मान उंचावली. "कुकूऽच..."

पुढचा आवाज फुटेना. त्याची नजर काकांच्या डाव्या खांद्यावर खिळली होती.