संत आग्नेसचा झगा

सणाच्या सकाळी देवळात बायकांनी संत आग्नेसच्या पुतळ्याला मी शिवलेला पांढरा झगा घातला. झगा चार बोटं आखूड! लाकडी पावलं उघडीच राहिली.

वीस वर्षं हा झगा माझी बायको कतरीन शिवायची. कागदी माप कापडावर ठेवताना दर वर्षी म्हणायची, "बिचारी! तेराव्या वर्षी रोममध्ये जीव दिला, पण ख्रिस्ताला नाकारलं नाही. कायमची तेराचीच राहिली." पावसाळ्यात कतरीन गेली. फादर बाजारातून झगा आणणार होते. मीच हट्टाने म्हटलं, तिच्या मापाने मी शिवतो. शिवला, धुतला, इस्त्री केली. ती कापड आधी भिजवून आटवायची आणि मगच कापायची, हे मला कुठे ठाऊक!

बाहेर बँडवाले खोळंबले होते. मी मान खाली घातली. तिचं नाव मी घालवलं होतं.

तेवढ्यात म्हाताऱ्या नातालमावशीने पुतळ्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि ती माझ्याकडे वळली.

"अगं बाई, पोर यंदा वाढली की! इनास, चौदावं लागलं हिला."

सगळं देऊळ हसलं. फादर हसले. कतरीन गेल्यापासून पहिल्यांदा मीही हसलो. उघड्या पावलांवर ऊन घेत आग्नेस मिरवणुकीला निघाली.

घरी आल्यावर मी कतरीनच्या कागदी मापाला खालून चार बोटांची पट्टी चिकटवली.