साहेबांची मान

आबांच्या दहाव्याला नीरेच्या घाटावर कावळा पिंडाला शिवेना. “आईला सांभाळीन,” मी म्हटले, भाऊ म्हणाला, “भांडणार न्हाय.” कावळा फांदीवरच. तेवढ्यात कारखान्याचे साहेब मोटारीतून उतरले. आबांनी नऊ वर्षे त्यांच्या गोल्फच्या काठ्या वाहिल्या आणि फटका मारताना मान उचलू नका म्हणून विनवले. साहेब प्रत्येक सामना हरले. दोष मात्र आबांनी निवडलेल्या काठीला. “म्हातारा माझ्या फटक्याबद्दल काही सांगून गेला का? रविवारी पुण्यात मोठ्या बक्षिसाचा सामना आहे,” त्यांनी विचारले. चुलते म्हणाले, “साहेब, तुमच्यातच जीव आडकलाय त्येंचा. हात जोडा, कायतरी कबूल करा.” एक हात खिशातच ठेवून साहेब म्हणाले, “यंदा बक्षीस आणतोच.” कावळा वरच्या फांदीवर गेला. मी पुढे झाले. “आबा, ह्यांची मान खाली ऱ्हायची न्हाय. सोडा नाद.” कावळा पिंडावर उतरला.