तिसरं नाव

तिसरा सर्व्हर पुन्हा गप्प झाला तेव्हा मयूरी खडकावर मांडी घालून बसली होती आणि तिची आई तुळजा शेजारी फणसाच्या सावलीत वाती वळत होती. गावात रेंज म्हणजे हा एवढा खडक. इथं दोन दांड्या येतात, खाली उतरलं की बसा बोंबलत. मयूरीची बेंगळुरूची नोकरी गेली दोन वर्षं या खडकावरूनच चालली होती.

बसची तिकिटं विकणारी कंपनी. गिऱ्हाइकांच्या मागण्या आधी एका दाराशी येतात, त्या दाराला गेटवे म्हणायचं. दारानं त्या मागच्या तीन सर्व्हरांना पाळीपाळीनं वाटायच्या, म्हणजे एकाच्याच डोक्यावर सगळा भार नको. ती वाटणी लावायचं काम मयूरीचं. उद्या उळवीच्या जत्रेची तिकिटं सुटणार आणि आजच तिसऱ्यानं तोंड मिटलं होतं.

लॅपटॉपमधून तिच्या वरच्या महेशसरांचा आवाज आला. "तिसरा काढलास?"

"तीनदा उत्तर आलं नाही, तेव्हा आपोआप वाटणीतून बाहेर गेला, सर. त्याचं काम आता दोघं करतायत."

"वाटणीतून नाही गं, यादीतूनच काढ. गेटवे अजून त्याला विचारत बसलाय. मेलेल्याची नाडी कशाला बघायची?"

"काढते," मयूरी म्हणाली. कॉल बंद केला, आणि काढलं काही नाही.

"कोण मेलं गं?" तुळजानं दचकून विचारलं.

"कोण न्हाई. यंत्र हाय. तिघांना काम वाटून दिलंय, त्यातला तिसरा बोलंना झालाय."

तुळजाच्या हातातली वात तशीच राहिली. कारण घरी आणखी एक यादी होती. देवीपुढं दिवा लावायचा मान भाऊबंदांतल्या तीन घरांचा, आठ-आठ दिवसांची पाळी. पाळी दुसऱ्याला देता येते, पण ज्याची त्यानं ती तोंडानं सांगून द्यायची, येऊन नाहीतर फोनवर. तीन वर्षं कुणी न येता, न सांगता गेली की नाव खोडायचं. बाप गेल्यापासून या घरची पाळी लखूच्या, मयूरीच्या थोरल्या भावाच्या नावावर होती, आणि लखूला तीन वर्षं उद्याच भरत होती. गोव्याला बोटीवर गेला तो गेलाच. फोन वाजतो, उचलत नाही. उद्या बैठकीत नवी यादी वाचायची, आणि ती लिहायला भाऊबंदांतल्या थोरल्या रामचंद्रकाकांनी कुणाला सांगावं? मयूरीला! अक्षर चांगलं म्हणे. धन्य त्या काकांची.

"मग त्येला टाकलं व्हय?" तुळजानं विचारलं.

"कुणाला?"

"तुज्या तिसऱ्याला."

"काम काढून घेतलं. टाकलं न्हाई. दर धा सेकंदांनी त्येला इचारतंय, हाईस काय म्हणून."

"आनि बोलला तर?"

"दोनदा नीट बोलला की पुन्ना पाळीत घेतंय."

"रागं भरत न्हाई? कुठं हुतास एवढे दिस, म्हणून?"

मयूरीला हसू आलं. "न्हाई गं. यंत्र हाय ते."

"किती दिस इचारत ऱ्हातंय?"

"कोण बंद करेपतोर."

तुळजानं हातातली वात पुरी वळली. ती दर सोमवारी या खडकावर यायची आणि लखूला फोन लावायची. एकदाच. दुसऱ्यांदा लावला तर पोरगा वैतागेल, ही धास्ती. रिंग पुरी वाजून थांबली की "वाजला, म्हंजे हाय," असं स्वतःशीच म्हणून उतारानं घरी जायची. मयूरीनं मात्र तीन वर्षांत एकदाही लावला नव्हता. बापाच्या बाराव्याला जो आला नाही त्याला कशाला विचारायचं, असा तिचा राग. राग कसला डोंबलाचा! लखूअण्णाच्या आठवणीनं जीव तुटायचा तिचा. पण आपण लावला आणि आपलाही उचलला नाही तर काय, या भीतीनं ती हात आखडून होती.

तिनं पिशवीतून यादीचा कागद काढला. दोन नावं सकाळीच लिहून झाली होती, लखूचे आठवडेही त्या दोघांत वाटून झाले होते. ती थोडा वेळ पेन धरून बसली. मग खाली तिसरं नाव लिहिलं, लखू. त्याच्यापुढची जागा मोकळी सोडली.

"म्होरं आठवडा?" तुळजानं वाकून बघितलं.

"न्हाई."

"मग नाव कशाला, म्हणतील की काका."

"नाव खोडलं तर इचारायचं कुणाला, म्हणून सांगीन त्येंना."

तुळजानं बोटं पदराला पुसली, कनवटीचा छोटा फोन काढला आणि लेकीपुढं धरला. "आज तू लाव."

मयूरीनं फोनमध्ये नाव शोधलंच नाही. नंबर बोटांना पाठ होता. रिंग वाजू लागली. दोघी माना जवळ आणून ऐकत राहिल्या. खाली कॅसलरॉककडं जाणारी मालगाडी शिट्टी देऊन गेली, रिंग वाजतच होती. मग फोन कंपनीची नेहमीची बाई कानडीत काहीतरी बोलली आणि फोन तुटला.

"वाजला," मयूरी म्हणाली.

"व्हय. म्हंजे हाय."

लॅपटॉपवर तिसऱ्यापुढचा लाल ठिपका लुकलुकला. गेटवेनं पुन्हा विचारलं होतं. तुळजा त्या ठिपक्याकडं बघत राहिली, तो आणखी एकदा लुकलुकेपर्यंत. मग तिनं मयूरीला कोपरानं ढोसलं.

"मये, धा सेकंद झाले बघ. लाव पुन्ना."